चेकरची वंशावळ

माणसाची किंमत त्याच्या कामावरून करावी, कामाच्या नावावरून करू नये, असं जगातल्या यच्चयावत थोर पुरुषांनी सांगून ठेवलं आहे. यांपैकी एकाही थोर पुरुषानं मरोळच्या कारखान्याच्या गेटवर उभं राहून सुटलेल्या कामगारांच्या खिशांत हात घातलेला नव्हता. काशीराम घाडी रोज घालत होता. त्यामुळे या विषयातलं त्याला थोर पुरुषांपेक्षा बरंच जास्त कळत होतं.

ही गोष्ट एकोणसत्तर सालची. मरोळची सरकारी औद्योगिक वसाहत तेव्हा नवी होती. झाडं कमी, पाट्या जास्त. त्यांतल्या एका पाटीमागे पितळी नळांच्या तोट्या बनत. पितळी तोटी ही वस्तू मोठी मोहक. मुठीत मावते, भंगारवाला तिला नाव-गाव विचारत नाही, आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात ती अशी बसते की डबा तिच्याच मापानं घडवला असावा. म्हणून कंपनीनं गेटवर एक चेकर ठेवला होता. चेकरचं काम सोपं. सुटी झाली की रांग लावायची, खिसे चाचपायचे, डब्यांची झाकणं उघडून आत डोकवायचं आणि सगळ्यांचे शिव्याशाप घेऊन घरी जायचं.

काशीराम आधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. छातीत कापूस बसला तेव्हा डॉक्टरनं त्याला गिरणी सोडायला सांगितलं, आणि गावच्या एका फोरमननं त्याला मरोळला चिकटवलं. फोरमननं चिकटवलेला तो काही एकटा नव्हता. कोकणातल्या माणसाला एक नोकरी लागली की वर्षभरात तिच्या आजूबाजूला त्याचा चुलता, मेव्हणा आणि वाडीतली चार पोरं उगवतात. कारखान्यातली निम्मी माणसं काशीरामच्याच गावची होती आणि ती सगळी त्याच्यासारखीच वाकोल्याच्या चाळींत राहत होती. म्हणजे दिवसा ज्यांचे खिसे चाचपायचे, संध्याकाळी त्यांच्याच शेजारी नळावर उभं राहायचं.

हे सगळं काशीरामनं सोसलं असतं, नव्हे सोसतच होता. कारण त्याच्याकडे गाऱ्हाणं होतं.

कोकणात गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे. देवापुढे उभं राहून साऱ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं बोलायचं. आधी देवाला त्याच्या सगळ्या पदव्यांनिशी हाक मारायची, मग कोणाचं काय अडलंय ते सांगायचं, आणि दर वाक्याला मागच्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. देव ऐकतो की नाही हा प्रश्न वेगळा. मंडळी तरी ऐकतात. गावात हा मान घाडी घराण्याचा, म्हणून मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळातही तो काशीरामचा. एरवी दिवसभरात दहा शब्द बोलणारा हा माणूस गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की साच्यांच्या खडखडाटावर मात करून तयार झालेला त्याचा आवाज अशा काही उंचीवर जायचा, की वाकोल्याच्या नाल्यापलीकडच्या लोकांनाही आपलं काहीतरी भलं होणार असं वाटायचं. वर्षातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं तो चेकर नसायचा. तेवढं त्याला पुरायचं.

ते गेलं एका बांगड्यामुळे.

मंडळाचा अध्यक्ष महादू परब त्याच कारखान्यात पॉलिश खात्यात होता. त्या वर्षी त्यानं श्रावण पाळला होता. श्रावण बरेच जण पाळतात, पण महादूनं तो जाहीररीत्या पाळला होता. येता-जाता लोकांना थांबवून आपल्या पोटाला किती हलकं वाटतंय ते तो सांगायचा. श्रावणातल्या एका संध्याकाळी तो रांगेत पुढे आला, काशीरामनं सवयीनं त्याच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि आत बांगड्याचा मधला काटा निघाला, शेपटीसकट, अगदी स्वच्छ चोखलेला. काशीरामनं झाकण लगेच लावलं. पण रांगेतला मागचा माणूस उंच होता. तो म्हणाला, “अध्यक्षांचा श्रावण पोहत आला वाटतं.”

यावर काशीराम हसला. उभ्या आयुष्यात त्यानं केलेला हा एकच गुन्हा.

गणपतीच्या आधी मंडळाची सभा झाली. महादूनं काट्याचा उल्लेखही केला नाही. त्यानं तत्त्वाचा प्रश्न काढला. “ज्याचो हात दिवसभर लोकांच्या खिशात, त्येनां तो देवापुढे जोडूचो, ह्यां बरां दिसता काय?” असं त्यानं विचारलं. बांगड्याची गोष्ट सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. पण प्रत्येकाचा डबा त्याच हाताखालून जात होता, आणि प्रत्येकाच्या घरात काही ना काही श्रावण होताच. चेकरनं गाऱ्हाणं घालू नये, असा ठराव झाला. मान मंडळातल्याच चंदू नावाच्या एका पोराकडे गेला. चंदूनं त्या गणपतीत गाऱ्हाणं घातलं ते बसच्या कंडक्टरनं थांबे सांगावेत तसं. दोन देव तर मागणीनुसार थांबणारे असल्यासारखे न थांबताच निघून गेले.

काशीराम घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसू लागला. शेवंती, त्याची बायको, पहिले दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “तुमका हसाक कोणी सांगितलेलां?”

शेजारच्या खोलीत अनंता मास्तर राहायचे. सांताक्रूझच्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवत. त्यांना नाद एकच: इंग्रजी शब्दांची कुळं शोधायची. लोक जसं लग्न जमवताना मुलाचं आजोळ-पणजोळ काढतात, तसं मास्तर शब्दाचं काढत. चाळीला याचा उपयोग काही नव्हता, पण अभिमान फार होता. निवडणुकीच्या वेळी त्यांनी सांगितलं होतं की कँडिडेट म्हणजे मुळात पांढरे कपडे घातलेला माणूस. रोममध्ये मतं मागायला निघालेले लोक अंगावरचं वस्त्र खडूनं पांढरं करून निघत. ते ऐकून चाळ थक्क झाली होती. दोन हजार वर्षांत राजकारणातलं एवढं तरी जसंच्या तसं टिकलं याचं सगळ्यांना बरं वाटलं.

तर काशीराम गॅलरीत उकिडवा बसलेला पाहून मास्तरांनी चौकशी केली. शेवंती सुपात तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, “ह्येंका चेकर म्हणतत, तां जिव्हारी लागलां.”

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. दुसऱ्याच्या दुःखानं चेहरा उजळणं वाईट दिसतं हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. ते आत गेले, चष्मा घेऊन आले आणि काशीरामसमोर बसले.

“चेकर म्हणजे काय वाटतं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“झडती घेणारा.”

“आज. आज झडती घेणारा. पण शब्दाची आई कोण?” मग मास्तर बोलत सुटले. हा शब्द इराणातून निघाला. तिकडे राजाला शाह म्हणतात. बुद्धिबळात समोरच्याचा राजा मारात आला की खेळणारा तोंडानं म्हणायचा, शाह! आपण मराठीत शह देतो तो हाच. त्याच आईचा हा एक मुलगा इकडे राहिला. दुसरा अरबांबरोबर खेळत खेळत युरोपात गेला, फ्रेंचांच्या तोंडात त्याचं नाक-तोंड बदललं, आणि इंग्रजांच्या घरात तो चेक होऊन उतरला. राजाला शह बसला की त्याचं चालणं थांबतं, म्हणून चेक म्हणजे थांबवणं, आळा घालणं. आळा घालायचा तर आधी बघायला हवं, म्हणून चेक म्हणजे तपासणं. बुद्धिबळाचा पट चौकड्यांचा, म्हणून चौकड्यांचं कापड ते चेक्स. इंग्रजांचे राजे चौकड्यांचं कापड अंथरून त्यावर खजिना मोजायचे, म्हणून त्यांच्या तिजोरीच्या खात्याचं नावही त्यावरूनच. बँकेत खोट्याला आळा बसावा म्हणून जो कागद निघाला, तोही चेक.

काशीरामनं मान खाली घालून आपल्या लुंगीकडे पाहिलं. लुंगी चौकड्यांची होती.

“ही पण?”

“ही पण. गिरणीत तुम्ही काय विणत होतात?”

काशीरामनं लुंगीचं टोक चिमटीत धरून पाहिलं. गिरणीत तो बारा वर्षं चेक्सच विणत होता.

“काशीराम,” मास्तर म्हणाले, “तुम्ही आयुष्यभर एकाच घराण्याच्या चाकरीत आहात. आणि घराणं राजाचं आहे.”

शेवंतीचं सूप थांबलं. तिचं इंग्रजी गॅस, रॉकेल आणि हाफ तिकीट यापलीकडे नव्हतं, पण राजाचं घराणं म्हणजे काय ते तिला कळत होतं. तिनं मास्तरांसाठी चहा टाकला आणि त्यात, कोणी सांगितलेलं नसताना, आलं किसलं.

जाता जाता मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या दृष्टीनं ती तळटीप होती. बुद्धिबळात शह मुकाट्यानं द्यायचा नाही, अशी जुनी रीत. तोंडानं सांगायचं, राजाला सावध करायचं, त्याला सुटायला एक चाल द्यायची. न सांगता राजा मारणं हा खेळ नव्हे.

विद्वानांच्या तळटिपा बहुधा कोणी वाचत नाही. काशीरामनं रात्रभर हीच एक धरून ठेवली. आपण गेली चार वर्षं हे काम करतोय ते चुकीचं करतोय, असं त्याच्या मनानं घेतलं. हुद्दा बरोबर होता, घराणं मोठं होतं. रीत चुकत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांग लागली. पहिला माणूस पुढे येण्याआधी काशीराम सरळ उभा राहिला आणि गाऱ्हाण्याच्या आवाजात म्हणाला, “राजा, सांभाळ.”

पहिला माणूस दचकून मागच्याच्या पायावर पडला. काशीरामला चढलीय, असं सर्वांचं मत पडलं. पण तो दर माणसाला तेच म्हणत राहिला, न हसता, न रागावता. ‘राजा, सांभाळ’ म्हणायचं, दहा श्वास थांबायचं, मग हात लावायचा. डब्याचं झाकण तर त्यानं उघडायचंच सोडलं. डबा कानाशी नेऊन हलवायचा. पितळ बोलतं; बांगडा बोलत नाही. ज्याच्या घरात जे शिजलं ते त्याच्या डब्यात झाकलेलं राहू लागलं.

आठवडाभरात रांगेला नवं वळण लागलं. ‘राजा, सांभाळ’ ऐकल्यावर कोणाला छत्री विसरल्याचं आठवायचं, कोणाला लघवीची भावना व्हायची. माणूस मागे वळून जायचा आणि हलका होऊन परत यायचा. मुतारीमागच्या कोपऱ्यात पितळी तोट्यांचा ढीग उगवू लागला. तिथे नळ नव्हता, तरी तोट्यांचं कारण कोणी विचारलं नाही. झाडूवाला त्या टोपलीत भरून स्टोअरला परत न्यायचा. हळूहळू ढीगही उगवेनासा झाला. जी वस्तू गेटवरून परतच न्यायची ती खात्यातून उचलायची कशाला, हे माणसांना आपोआप समजलं. महिनेन् महिने एकही चोर सापडला नाही. शिव्या थांबल्या. पोरं जाता जाता काशीरामलाच म्हणू लागली, “राजा, येतो.” तो मान हलवून निरोप द्यायचा, आणि एरवी दगडासारख्या असलेल्या त्या चेहऱ्यावर काहीतरी हलल्यासारखं वाटायचं.

पण गाऱ्हाणं परत आलं नव्हतं, आणि काशीरामला पाहिजे होतं ते तेवढंच.

तेव्हा दिवाळीनंतर मास्तरांनी स्वतः पुढाकार घेतला. मंडळाच्या सभेत, चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ते तासभर बोलले. जमिनीवर खडूनं त्यांनी पट आखला, इराण कुठे, अरबस्तान कुठे, फ्रान्स कुठे ते नारळ ठेवून दाखवलं. चेक या शब्दाला त्यांनी अशा काही वाटांनी वाकोल्यापर्यंत चालवत आणलं, की तो शेडच्या दारात घाम पुसत उभा आहे असा भास व्हावा. मागे बिड्या ओढणारे त्या विझवून पुढे आले. शेवटी मास्तर म्हणाले की ज्या पदाचं मूळ राजात आहे, त्या पदावरच्या माणसानं देवापुढे उभं राहू नये असा ठराव करणं म्हणजे राजालाच देवळाबाहेर उभं करणं.

टाळ्या पुष्कळ वाजल्या. चंदूनंही वाजवल्या.

महादू उठला. “मास्तर,” तो म्हणाला, “ह्यो शाह म्हणजे आमच्या रेशनच्या दुकानातलो शहा, त्येचोच काय पावणो?”

“शब्द म्हणाल तर सांगता येत नाही, पण—”

“म्हणजे काशीराम गुजराती झालो. मगे गाऱ्हाण्याचो प्रश्नच मिटलो.”

शेड हसून कोसळायच्या बेतात आली. हसणं ओसरल्यावर महादूनं आभार मानले. इतकं विद्वत्तापूर्ण भाषण मंडळाच्या इतिहासात झालं नव्हतं असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं, कारण आधी कोणाचं झालंच नव्हतं. मास्तरांना शाल आणि इराण, अरबस्तान व फ्रान्स हे तिन्ही नारळ देण्यात आले. भाषण उत्तम झालं यावर सभेचं एकमत झालं. एकमत तेवढ्यापुरतंच होतं.

परत येताना काशीराम मास्तरांच्या मागून चालत होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण भर सभेत, सगळ्या गावासमोर, कोणीतरी त्याच्या कामाची वंशावळ वाचली होती, आणि लोकांनी ती बिड्या विझवून ऐकली होती. “मास्तर,” तो म्हणाला, “तुम्ही इंग्रजीत गाऱ्हाणां घातलांत.” मास्तरांना आयुष्यात मिळालेल्या शाबासक्यांत ही त्यांनी वरच्या जागी ठेवली.

इकडे कारखान्यात मॅनेजर साहेब विचारात पडले होते. पूर्वी महिन्याला दोन-तीन चोर हमखास सापडत, आता शून्य. त्यांना वाटलं चेकर झोपा काढतो. पितळेची मोजदाद केली, तर एक तोटी कमी नाही. साहेबांनी यावर शांतपणे विचार केला, आणि शिकलेल्या माणसाला सुचावा असा निष्कर्ष काढला. चोरीच होत नाही, तर चेकर हवा कशाला? पौषात त्यांनी चेकरची जागा रद्द केली. काशीरामच्या कामावर ते खूश होते, म्हणून त्याला त्यांनी घालवलं नाही. स्टोअरमध्ये तोट्या मोजायला बसवलं. हुद्दा दिला हेल्पर.

काशीराम खचलाच. गाऱ्हाणं मागायचं ते ज्या राजाच्या बळावर, तो राजाच गेला होता. त्यानं मास्तरांना गाठलं आणि हेल्परचं मूळ विचारलं. मास्तर आत गेले, जाडं पुस्तक काढलं, बराच वेळ पानं उलटली आणि पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आले.

“हेल्प,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मदत.”

“त्याच्या आधी?”

“आधीही मदतच.”

काशीरामनं मास्तरांचं सांत्वन केलं. सगळ्याच शब्दांचं घराणं मोठं असेल असं नाही, असं तो म्हणाला.

माघातल्या सत्यनारायणाच्या आधी एका रविवारी महादू काशीरामच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायला तो तयार नव्हता. “पूजेक गाऱ्हाणां तुझां,” एवढं बोलून तो जिना उतरून गेला. शेवंतीनं देवापुढे साखर ठेवली. काशीराम संध्याकाळपर्यंत गॅलरीत उभा होता. घसा खाकरून बघायचा, थांबायचा, पुन्हा खाकरायचा.

पूजेला शेड भरून माणसं आली. काशीराम धुतलेलं धोतर नेसून देवापुढे उभा राहिला, हात जोडले, आणि सहा महिने कोंडलेला तो आवाज सुटला. बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या म्हाराजा, तुझी लेकरां गाव सोडून इतक्या लांब येऊन ऱ्हवली, त्येंका हयसर संबाळ. व्हय म्हाराजा. कोणाची नोकरी गेली आसात, कोणाची खोली गळत आसात, तां तू बघ. व्हय म्हाराजा. कोणाच्या डब्यात काय आसा तां तुका ठावक, तां तुझ्याकडेच ऱ्हवांदे. इथे ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्यानं आलं, आणि त्यात अध्यक्षांचा आवाज वेगळा ओळखू येत होता. एकही देव राहिला नाही. एकही अडचण राहिली नाही. पुढच्या ओळीत बसलेल्या मास्तरांना चष्मा दोनदा काढून पुसावा लागला.

प्रसाद वाटताना मास्तरांनी महादूला बाजूला घेतलं. भाषणानं काम केलं याची त्यांना खात्री होती. विचार रुजायला वेळ लागतो, एवढंच. ते म्हणाले, “पटलं ना शेवटी? शब्दाचं मूळ कळलं की माणूस कळतो.”

महादूनं त्यांच्या द्रोणात शिऱ्याची आणखी एक मूद घातली.

“मूळ कसलां, मास्तर? ठराव चेकरवर होतो,” तो म्हणाला.

हेल्परबद्दल मंडळाचा काही ठराव नव्हता.